जवाईबापूंचे तीन गोल

प्रवीणनं शिट्टी गळ्यात अडकवली तेव्हाच बापानं, सोमाजीनं, दारात अडवून सुनावलं, "आज जिंकला तं खेळव पोरायले. हारला तं उद्यापासून जवाईबापूच्या खताच्या दुकानात बसजो."

नागपूरला शिकताना प्रवीण फुटबॉलही शिकला होता, आणि तिथली नोकरी सोडून गोंडपिपरीजवळच्या आपल्या गावात पोरापोरींना शिकवत होता. फुकट. हे 'फुकट' काही सोमाजीच्या घशाखाली उतरत नव्हतं.

धान कापून मैदान केलेल्या शेतात, बांधीत, चामोर्शीची टीम उतरली आणि प्रवीणचं अवसान गळालं. पुढच्या फळीत साक्षात जवाईबापू, म्हणजे चामोर्शीत दिलेल्या थोरल्या बहिणीचे यजमान मिथुनराव, हाफचड्डीत पोट सावरत उभे होते. आणि एका घरचा जावई म्हणजे अख्ख्या गावाचा जावई.

"मयुरे, बाहेर ये," बांधावरून आई इंदुबाई ओरडली. "जवाईच्या अंगावर कोणी धावते काय?"

मयुरी म्हणजे प्रवीणची धाकटी बहीण, टीममधली सगळ्यात चिवट खेळाडू. ती फणकारत बांधावर जाऊन बसली.

खेळ सुरू झाला. मिथुनरावांकडं चेंडू आला की पोरं अदबीनं बाजूला होत. लोकेशचा पाय चुकून त्यांच्या पायाला लागला, तर तो तिथंच वाकून पाया पडला. तो सरळ होईस्तोवर गोल झाला होता. दुसऱ्या वेळी गोलकीपरनंच 'या, या' करत वाट दिली. तिसऱ्याला बांधावर टाळ्या पडल्या, त्यात सोमाजीच्या सगळ्यात मोठ्या.

"अरे, आडवा ना त्यायले," प्रवीण कळवळला.

"तुह्या बहिणीचा नवरा हाय दादा," लोकेश म्हणाला. "तूच आडव."

मध्यंतरात प्रवीणच्या डोक्यात प्रकाश पडला. जावयाला गाव मान देतं खरं, पण साळीला, म्हणजे मेहुणीला, त्याची खोड काढायचा हक्क असतो. लग्नात याच मयुरीनं मिथुनरावांचे जोडे पळवले होते. त्यानं आईला हे ऐकवलं. इंदुबाईनंच मयुरीला बांधावरून उठवलं, आणि ती मैदानात उतरली.

"भाऊजी, बुटाच्या नाड्या सांभाळा," म्हणत ती जी त्यांच्या मागं लागली, ती चेंडू त्यांच्या पायाशी टिकूच देईना. इकडं पोरांनाही जोर चढला. बघता बघता तिनास तीन झाले. मग मयुरीनं चेंडू थेट भाऊजींच्या दोन पायांमधून काढला, मिथुनराव धप्पकन बसले, आणि सारा बांध खो-खो हसला. ते काही उठेनात.

जवाई रुसला होता.

खेळ थांबला. इंदुबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. रुसलेल्या जावयाचं मागणं मोडायचं नसतं, हे चामोर्शीवाल्यांनाही ठाऊक, त्यामुळं तेही निवांत बसले. सोमाजीनं हात जोडले. "मांगा जवाईबापू, काय पाह्यजे?"

प्रवीणला पुढचं सगळं दिसू लागलं. आता हा गोल मागणार, बाप देणार, आणि आपण जन्मभर युरियाची पोती मोजणार.

"प्रवीणले माह्या दुकानात धाडू नोका," मिथुनराव म्हणाले. "त्याले इथीच पोरायले शिकवू द्या."

सोमाजीनं मान डोलावली. प्रवीणचे डोळे भरून आले. भाऊजींना उठवायला तो वाकला, तसे ते त्याच्या कानाशी पुटपुटले, "बाकी कुठीच मले बॉल भेटत नाई रे. माहे गोल होतेत ते इथीच. तू दुकानात बसला तं इथी म्यॅच कोण ठेवन?"

काही असो, माणसानं उपकार केले होते. खेळ पुन्हा सुरू होताना प्रवीणनं मयुरीला हळूच सांगितलं, "एक गोल मारू दे त्यायले."

मयुरीनं ऐकलं नाही.