व्यंकटरावांची काच

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक माणूस डोक्यात हेल्मेट घालून, काच खाली ओढून स्टुलावर बसलेला असतो. मी मराठी शिकवायला नवीनच रुजू झालो होतो. खडू मागायला आत गेलो, तर हेल्मेटातून आवाज आला, "सर, तुम्ही घड्याळ बघू नका. मी सांगतो. बारा वाजून सतरा." घड्याळ बघितलं. बरोबर होतं. "काचेच्या डाव्या बाजूला आलू घासला, उजव्या बाजूला दाढीचा साबण. बावीस मिनिटं झाली, वाफ न्हाई. प्रयोग चालू हाय." एवढं बोलून त्यांनी पुन्हा तोंड गच्च मिटलं. मी खडू न घेताच परत आलो.

हे व्यंकटराव. प्रयोगशाळा सहायक, मूळचे निलंग्याचे. तीन वर्षांपूर्वी बायको वारली, तेव्हापासून नांदेडच्या दोन खोल्यांत एकटे. दर रविवारी मोटारसायकलवर लातूरला मुलीकडे, पूजाकडे, जायचे. आणि दर रविवारी वाटेत काचेवर वाफ धरायची. आलू झाला, साबण झाला, दातांची पेस्ट झाली, एकदा तर खोबरेल तेल लावून बघितलं आणि अर्ध्या रस्त्यातली चिलटं काचेला चिकटवून आले. प्रयोगशाळेत काच लख्ख, रस्त्यावर गेली की दुधासारखी पांढरी. "मामला वाफेचा हाय सर," ते म्हणायचे, "आपल्या हातचा न्हाई."

मागच्या हिवाळ्यात अर्धापूरला लग्नाला गेले आणि उभ्या असलेल्या केळीच्या गाड्यात घुसले. मनगटाला प्लास्टर आणि अंगाला केळी. झालं, पूजानं फर्मान काढलं. अंगात नीट जाकीट पाहिजे, काच साफ राहिली पाहिजे, न्हाईतर गाडी विकायची आणि एसटीनं यायचं. प्लास्टर निघालं की एखाद्या शहाण्या माणसाला सोबत घेऊन या, त्यांनी डोळ्यांनी बघून सांगितलं तरच गाडी राहील. शहाणा माणूस म्हणून त्यांनी मला निवडलं, यावरून त्यांच्या ओळखी किती कमी होत्या ते समजून घ्या.

व्यंकटरावांची झोप उडाली. एसटीचं नाव काढलं की चेहरा उतरायचा. मी म्हणालो, बस काय वाईट आहे, झोपत जाता येतं. तर म्हणाले, "बसमदी लोक असतेत." मला वाटलं गर्दीचा त्रास असेल.

आधी जाकीट. व्यंकटराव म्हणजे सहा फुटी उसाचं टिपरू, त्याला मध्येच पोट आणि गुडघ्यापर्यंत हात. बाही पुरणारं जाकीट घ्यावं तर आत आणखी एक माणूस मावायचा, खांदे बसणारं घ्यावं तर बाही कोपरावर. दुकानात हे खुर्ची उलटी करून तिच्यावर टांग टाकायचे, पुढं वाकून हँडल धरायचे, मनगट उघडं पडलं की "मामला जमत न्हाई" म्हणून उठायचे. नांदेडची सगळी दुकानं झाली. शेवटच्या दुकानदारानं तर आम्हाला बघून शटरच अर्धं खाली घेतलं.

पण माणूस हार मानतो होय? खांद्यात बसणारं एक काळं जाकीट घेतलं आणि मला ओढत नेलं गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या अन्वरभाईंकडे. अन्वरभाईंनी बाहीला टेप लावला, आकडा बघितला आणि शांतपणे विचारलं, "कौनसी गाडी की सीट है?" तासाभरात दोन्ही बाह्यांना चार-चार बोटं तपकिरी रेक्झिन जोडून दिलं. बसलं हो! अंगावर ओतल्यासारखं बसलं. व्यंकटरावांनी भर दुपारी ते घालून नांदेडभर फेरी मारली. दुसऱ्या दिवशी डबाही जाकीट घालूनच खाल्ला.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. ते पुढं, मी माझ्या गाडीवर मागं. हेल्मेटात बसवायचं ते बोलायचं यंत्र असतं ना, त्याची मी खास जोडी आणली होती. गाडी न थांबवता काचेचा हालहवाल कळावा म्हणून. थंडी अशी की बोटं आहेत की नाहीत कळेना. दर पाच मिनिटांनी मी विचारायचो, "काच?" आणि कानात उत्तर, "साफ." लोहा आलं तरी साफ! मला इतका आनंद झाला की मी गाडीवर बसल्या बसल्या नाचायचाच बाकी होतो. मग मी विचारणं सोडलं.

लोहा मागं पडलं आणि कानात आवाज आला, "ऐकलं का, हरभरा यंदा लई जोरात हाय."

माझे दात वाजत होते, मी नुसतं "हं" म्हणालो. आणि माणूस सुटला की! अन्वरभाईचा टेप सांगितला, कॉलेजातली भांडणं सांगितली, पूजा वाळली म्हणून काळजी केली. दर वाक्याला "ऐकलं का" आणि दर वाक्याला माझं "हं". मध्येच मला "तू" म्हणाले. म्हटलं, वा, दोस्ती पक्की झाली.

"ऐकलं का, पूजा गाडी विका म्हणून राहिली. विकली तर तू बसशील कुठं?"

त्यांच्या मागच्या सीटवर मी कधी बसलोच नव्हतो. व्यंकटराव माझ्याशी बोलत नव्हते. गाडी त्यांच्या बाजूला नेऊन बघितलं तर काच पांढरी, हे रेक्झिनच्या बाहीनं ती पुसतायत आणि गाडी रस्त्याच्या मधोमध चाललीय. मी ओरडून त्यांना बाजूला घ्यायला लावलं.

अहमदपूरच्या अलीकडं चहाच्या टपरीवर बसलो. व्यंकटरावांनी हेल्मेट काढून बाकावर ठेवलं. मग म्हणाले, "आमच्यात बायकोचं नाव घ्यायची पद्धत न्हाई सर. ती मला ऐकलं का म्हणायची, मी तिला. पंचवीस वर्सं. घरात बोलणं कुठं व्हायचं, आई-बाप, लेकरू. गाडीवरच काय ते."

"व्यंकटराव, वाफ बोलण्यानं धरते," मी म्हणालो.

"ठाऊक हाय. पहिल्याच महिन्यात कळलं."

"मग आलू, साबण, एवढे प्रयोग?"

"बोलणं बंद न करता काच साफ ठेवायची होती."

पण केळीचा गाडा डोळ्यांसमोर होता. पूजाला मी खोटं सांगणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. बोटभर काच उघडी ठेवा, वाफ बाहेर जाईल. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. उघडली की वारा कानात घोंगावतो, मग काही ऐकू येत न्हाई, म्हणाले. आता मात्र माझं डोकं फिरलं. त्या कुठं बोलतात, असं मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

"ती कवाच जास्त बोलली न्हाई सर," ते म्हणाले, "नुसती हं म्हणायची."

मी माझं हेल्मेट उचललं आणि म्हणालो, की यंत्र कानालाच लागलेलं आहे, वारा कितीही असो, हं ऐकू येईल. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग चहावाल्याला आणखी दोन चहा सांगितले.

तिथून लातूरपर्यंत काच बोटभर उघडी होती आणि वाफ नव्हती. पूजा दारातच उभी होती. तिनं आधी तपकिरी बाह्यांकडं बघून कपाळाला हात लावला, मग बापाकडून गाडीची किल्ली काढून घेतली आणि मला काचेचं विचारलं. मी म्हणालो, साफ राहते, आणि दर रविवारी मीही सोबत असेन. तिनं एकदा बापाकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि गाडीची किल्ली बापाच्या हातात परत दिली.

दुपारी परत निघालो. वर्गात पंचेचाळीस मिनिटं तोंड बंद न ठेवणारा मी, कान टवकारून गप्प. चाकूर मागं पडलं तेव्हा आवाज आला, "ऐकलं का, पूजानं गाडी ठेवली."

"हं," मी लगेच म्हणालो.

मग व्यंकटराव हळूच म्हणाले, "सर, जरा दमानं म्हणा. तिला इतकी घाई नसायची."