आवश्यक घटक उपलब्ध नाही

पडद्यावर बटण एकच होतं, 'ठीक'. आणि चष्मेवालीच्या दुकानात त्या सकाळी ठीक असं काहीच नव्हतं.

बटणाच्या वर एका चौकटीत लिहिलं होतं, 'आवश्यक घटक उपलब्ध नाही.' तिने 'ठीक' सात वेळा दाबून पाहिलं. सातही वेळा चौकट गेली आणि तिच्याबरोबर अहवाल छापणारा नवा प्रोग्रामही गेला. अकरा वाजता बस आगाराचे वीस ड्रायव्हर डोळे तपासायला येणार होते. एक वाजता ते परत गाड्यांवर हवेत आणि प्रत्येकाच्या हातात छापील अहवाल हवा, अशी आगारप्रमुखांची अट होती. जमलं तर वर्षभर अख्खं आगार तिच्याकडे, नाहीतर समोरच्या झगमगीत दुकानाकडे. तिथला मालक सकाळपासून दारात उभा राहून उगाचच हसत होता.

हा प्रोग्राम तिच्या नवऱ्याच्या कंपनीचा होता आणि तो संगणकावर बसवून देणारा भाग खुद्द नवऱ्याने लिहिला होता. म्हणजे तक्रारीची सोय घरातच होती. तिने फोन लावला.

"अहो, तुमचं ते म्हणतंय, आवश्यक घटक नाही."

"मग तो घाल की आधी."

"कुठला?"

"बघावं लागेल. एका प्रोग्रामला चालायला खाली दुसरे चार-पाच लागतात. त्यातला एखादा नसेल."

"मग त्याचं नाव लिहायला काय झालं होतं?"

"अगं, एवढं सगळं लिहिलं की लोक घाबरतात. म्हणून आम्ही थोडक्यात लिहितो."

"मी थोडक्यातच घाबरलेय. पुढचं सांगा."

नवऱ्याने अंदाजाने एक नाव सांगितलं. ते बसायला वीस मिनिटं लागली आणि पुन्हा तीच चौकट आली. त्याने दुसरं नाव सांगितलं. ते म्हणालं, आधी जुना घटक काढा. तिने मुकाट्याने काढला, तशी सहा वर्षं बिनतक्रार चालणारा प्रिंटर एकाएकी गप्प झाला, कारण तो त्या जुन्या घटकाच्याच जिवावर चालत होता. हे काढण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. चौकट मात्र शब्दाची पक्की निघाली. 'आवश्यक घटक उपलब्ध नाही.'

"थांब, मीच येतो," नवरा म्हणाला.

अकराला ड्रायव्हर आले. आगारप्रमुख घड्याळाकडे बघत दारातच उभे राहिले. चष्मेवालीने पदर खोचला आणि कागदावर लिहून घेत तपासणी सुरू केली. "हे भिंग बरं की आधीचं? आता? आणि आता?" पंधरा वर्षांत तिच्या खुर्चीवरून कुणी गोंधळून उठलं नव्हतं. काय बदललं, का बदललं, पुढे काय करायचं, हे सांगितल्याशिवाय ती कुणाला सोडतच नसे.

तिसरा ड्रायव्हर खुर्चीत असताना नवरा लॅपटॉप घेऊन धापा टाकत आला. "ती चौकट यांनीच लिहिलीय," तिने ड्रायव्हरांना सांगितलं. घामेजलेला चष्मा काढून त्याने स्टुलावर ठेवला, रुमालाने तोंड पुसलं आणि दमून त्याच स्टुलावर बसला. कडकन आवाज झाला.

त्याचा नंबर उणे साडेसात. चष्म्याशिवाय त्याला बायको आणि कपाट यांतला फरक फक्त आवाजावरून कळे.

"पडद्यावर काय आहे? वाच," तो कपाटाला म्हणाला.

"आवश्यक घटक उपलब्ध नाही," दुसऱ्या बाजूने बायको म्हणाली.

"कुठला घटक?"

"ते नाही लिहिलेलं."

"असं कसं नाही लिहिलेलं? माणसानं काय अंदाज बांधत बसायचं? कुठल्या गाढवानं हे..."

तिथे तो थांबला. वीस ड्रायव्हर थांबले नाहीत. ते इतके हसले की आगारप्रमुखांनाही रुमाल काढावा लागला.

चष्मेवालीला मात्र त्याची दया आली. तपासणीच्या वेळी नाकावर चढवतात ती जाडजूड गोल फ्रेम तिने त्याला घातली आणि तिच्यात भिंगांवर भिंगं सरकवली. "आता बसा तिथे. प्रोग्रामला सगळे घटक एकदम तपासायला लावा आणि काय कमी आहे ते एकदमच सांगा. मला दाखवत जा."

मग दुकानात दोन तपासण्या सुरू झाल्या. एका ड्रायव्हरचं आटोपलं की ती नवऱ्याने चौकटीसाठी लिहिलेला नवा मजकूर बघे.

"तीन घटक कमी आहेत," तो वाचून दाखवी.

"धूसर आहे. नावं घाला."

"आता?"

"आधीपेक्षा बरं. पण ते लागतात कशाला?"

"आता?"

"किती वेळ लागेल? आणि आणायचे कुणी, मी की तुम्ही?"

बारा वाजता दुरुस्त केलेला प्रोग्राम दुकानाच्या संगणकावर चढला. खुर्चीत एक मिशाळ ड्रायव्हर होता. तो अक्षरांचा तक्ता सोडून शेजारचा पडदाच मोठ्याने वाचू लागला. "'तुमच्याकडे दोन घटक आहेत, तीन नाहीत. तिन्ही मी आणतो. बारा मिनिटं लागतील. यातला जुना घटक पुन्हा काढू नका, त्यावर तुमचा प्रिंटर चालतो.' अहो ताई, मला समजलं की हे! बारा मिनिटं म्हणजे एक चहा होतो."

चहा झाला. बरोबर बाराव्या मिनिटाला प्रोग्राम उघडला आणि प्रिंटर कुरकुरत जागा झाला. ती तपासत गेली आणि नवरा ती भलीमोठी फ्रेम सावरत एकेक अहवाल भरत गेला. एकला पाच मिनिटं असताना विसावा कागद बाहेर पडला. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवालीला इतका आनंद झाला की तिने चुकून प्रिंटरलाच थोपटलं.

आगारप्रमुखांनी वर्षभराच्या करारावर तिथल्या तिथे सही केली. "आणि ताई, आमच्या आगारातल्या पाट्याही तुम्हीच लिहून द्या. गाडीला उशीर का झाला, हे आमच्याकडेही कुणी सांगत नाही." समोरचा मालक दारातून आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

दुकान रिकामं झाल्यावर नवरा लाडात येऊन म्हणाला, "माझा चष्मा कधी देतेस? दोनला साहेबांना हे सगळं दाखवायचंय."

तिने कप्पे उघडून पाहिले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आवश्यक घटक उपलब्ध नाही."

"कुठला?"

"ठीक," ती म्हणाली आणि डबा उघडून जेवायला बसली.