मखमली डोक्याची पैज

"वीस मिनिटं डोकं न हलवता? तू? अरे सुईदोऱ्या, माझ्या खुर्चीत दोन मिनिटं धड बसत नाहीस!" सलूनवाला खो खो हसला.

शेजारचा टेलर भडकला. "हललो तर माझी मिशी भर फुटपाथवर उतरव. नाही हललो, तर तुझी मी उतरवणार, वस्तऱ्या!"

लागली पैज. टेलरची भाची एमआरआय काढायची. मेंदूच्या अभ्यासासाठी तिला एक धडधाकट डोकं हवं होतं आणि मामांनी आपलं देऊ केलं होतं. तीस वर्षं जोपासलेली मिशी मात्र आता टांगणीला लागली.

साक्षीदार म्हणून सलूनवाला काचेबाहेर बसला. मशीन ठकठकायला लागलं. पाच मिनिटं टेलर दगड. दहा मिनिटं दगड. सलूनवाला कंटाळून चहाला गेला. परत येतो तर काम संपलेलं, भाची आत मामांना उठवतेय आणि पडद्यावर मेंदूचे दोन फोटो शेजारीशेजारी. एकात एक पट्टा उजळ, दुसऱ्यात तोच पट्टा काळपट.

"हलला!" त्याने तिथूनच बायकोला फोन लावला. "अगं, खुर्ची फुटपाथवर काढ! गल्ली गोळा कर!"

"मी काय हमाल आहे?" बायको एवढी कडाडली की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला. पण गंमत तिलाही हवी होती. खुर्ची निघाली, गल्ली जमली.

टेलर पडल्या चेहऱ्याने खुर्चीत बसला. "ती ठकठक ऐकून शिलाई मशीनवरच बसल्यासारखं वाटलं रे. डोळा लागला. हललोही असेन झोपेत."

मिशीला फेस लागला, वस्तरा उघडला, एवढ्यात भाची स्कूटरवरून धापा टाकत आली.

"थांबा! मामा हललेच नाहीत! तुम्ही चहाला गेलात तेव्हा, पहिल्या फेरीनंतर, त्यांचं झोपलेलं डोकं मीच तिरकं करून ठेवलं. तोच तर अभ्यास आहे!"

"मग तो पट्टा काळा का पडला?"

"मेंदूच्या पांढऱ्या भागात बारीक तंतूंचे जुडगे असतात, एका दिशेने गेलेले. मशीनच्या चुंबकाशी त्यांचा कोन बदलला की सिग्नल बदलतो. फेरी चालू असताना हलले असते, तर फोटो पुसट आला असता."

टेलर फेसासकट उभा राहिला. "मखमल! अरे, ही तर मखमल! सुलटी धरली तर फिकी, उलटी धरली तर गडद. एक बाही उलटी बेतली की गिऱ्हाईक बोंबलतं, कापड बदललं म्हणून!"

"पण डोकं हललं तर खरं ना?" सलूनवाल्याने शेवटचा हात मारून पाहिला.

"हललं नाही, तिने हलवलं! मुकाट बसा खुर्चीत!" त्याच्याच बायकोने निकाल दिला.

सलूनवाला आपल्याच खुर्चीत बसला. टेलरने बाही कापावी तशी जीभ बाहेर काढून, हळूहळू, मन लावून मिशी उतरवली. टॉवेलने तोंड पुसलं आणि खुर्ची गल्लीकडे फिरवली.

गल्ली फिदीफिदी हसली. बायकोचं हसू मात्र जागच्या जागी थिजलं.

"अगं बाई... हुबेहूब सासूबाई!" तिच्या तोंडून निघून गेलं. मग आवाज खाली, मान खाली. "दमला असाल. चहा टाकू का?"

ती लगबगीने आत गेली. सलूनवाल्याने गुळगुळीत ओठावरून बोट फिरवलं आणि टेलरच्या कानाशी लागला.

"सुईदोऱ्या, दर चार दिवसांनी उतरवून देशील का रे?"