दिवंगतांची संमती

विद्युतदाहिनीच्या कारकुनाने पडद्यावरची नजर न हलवता सांगितले, "यांचा होकार आलेला नाही."

"कुणाचा?"

"यांचाच." दाराशी चादरीखाली निजलेल्या काकांकडे त्याने हनुवटीने खूण केली. "त्यांच्या मोबाइलवर मेसेज गेलाय. 'होय, येतोय' दाबायचं. अकरापर्यंत नाही दाबलं तर वेळ पुढच्याला जाते. मग एकदम परवा दुपारी."

घड्याळात साडेदहा झाले होते. हा मूर्खपणा कोणाचा, याविषयी पुतणीला तिळमात्र शंका नव्हती. काकांनीच तिला वाढवले होते, शिकवले होते. त्या शिक्षणाचे फळ आता पडद्यावर लुकलुकत होते.

"अहो, हे ॲप मीच बनवलंय!"

"मग नियम तुम्हाला माहीतच असेल."

तो होताच. सहा माणसांच्या त्यांच्या कंपनीत नवे ॲप सहसा जन्माला येत नसे; जुन्यालाच नवे कपडे चढत. सरकारी खात्याला दाहिनीच्या नोंदणीचे ॲप अकरा दिवसांत हवे होते आणि हाताशी एका सलूनचे तयार होते. तिने रंग राखाडी केला, कात्रीचे चित्र पुसले आणि 'ग्राहक' या शब्दाच्या जागी सर्वत्र 'दिवंगत' घातला. ग्राहकाने येण्याची खात्री स्वतः द्यावी, हा नियम तेवढा आत राहून गेला. खात्याच्या सात अधिकाऱ्यांनी तपासून सह्या केल्या होत्या. वाचणे हे सहीच्या कामात धरलेले नसते.

तिने मालकांना फोन लावला. "साहेब, काकांची वेळ चाललीय. मागून होकार टाका ना."

"अगं, ते अधिकार खात्याकडे. अर्ज करावा लागेल, सात दिवस धर." मालकांनी आवाज खाली आणला. "वाईट झालं हं काकांचं. आणि तिथे कुणाला सांगू नकोस, आपण बनवलंय ते."

काकांचा फोन काकूंच्या पिशवीत होता, पण तो काकांच्या अंगठ्यानेच उघडे. पुतणीने तो चादरीखाली नेला.

"काय करतेस गं?" काकूंनी विचारले.

"सही घेतेय, काकू."

"न वाचता कुठे सही केली नाही त्यांनी जन्मात," काकू म्हणाल्या आणि त्यांना हुंदका फुटला.

थंड अंगठा फोनने नाकारला. माणूस गेला, एवढे त्या यंत्राला कळत होते. तिच्या ॲपलाच तेवढे कळत नव्हते.

अकराला सात मिनिटे उरली, तेव्हा कारकुनाने सुस्कारा टाकला. "ताई, ही नोंद रद्द करा. नवी टाका. दिवंगतांचा मोबाइल म्हणून माझा नंबर घाला."

"एकाच नंबरावर पुन्हा…" ती बोलता बोलता थांबली. सलूनचे गिऱ्हाईक दर महिन्याला येते. त्याची सोय तिनेच केली होती.

"चालतं, चालतं. आठ महिन्यांत चारशे बारा वेळा मेलोय मी. बायको म्हणते, तरी जेवायला वेळेवर हजर!"

त्याचा फोन किणकिणला. त्याने सराईतपणे 'होय, येतोय' दाबले. दार सरकले. काका अकराच्या ठोक्याला आत गेले, आणि काकूंनी प्रथमच डोळे पुसले.

सगळे आटोपल्यावर कारकून पुतणीजवळ आला. बगलेत वही होती. कागदमुक्त कार्यालयात ती त्याने चोरून ठेवली होती.

"ताई, राग मानू नका. मी खरंच जाईन, तेव्हा 'होय' कोण दाबणार?"

"मी ॲप दुरुस्त करते ना."

"त्याला अर्ज लागतो," तो समजुतीच्या सुरात म्हणाला आणि त्याने वही उघडून पुढे धरली.

तिने आपला नंबर लिहिला. त्याने एकेक आकडा वाचून ताडून पाहिला.

"फोन जवळ ठेवत चला," तो म्हणाला. "आणि होता होईतो माझ्याआधी जाऊ नका."