पॅनल्याची पहिली गच्ची

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक! आपला पॅनल्या आहे ना, सौरऊर्जेच्या कंपनीत लागल्यापासून ज्याला कुणी खऱ्या नावानं हाकच मारत नाही, त्याची गंमत आहे.

नोकरीला सहा महिने होत आले होते. आता कायम व्हायचं की घरी बसायचं, एवढंच ठरायचं होतं. त्यानं स्वतःच्याच इमारतीच्या गच्चीवर सोळा पॅनल बसवली होती. पहिलंवहिलं काम! आणि ते बघायला साहेब शेजारच्या वसाहतीच्या अध्यक्षबाईंना घेऊन येणार होते. त्या वसाहतीत इमारती बारा. बाई हो म्हणाल्या की पॅनल्या कायम.

"आत्या, तू नुसती बघत राहा!" आदल्या दिवशी जेवताना हा म्हणाला. "जास्तीची वीज बाहेर जाऊन मीटर असा उलटा पळेल ना, बाई उभ्या उभ्या सही करतील! फक्त पॅनलवर धुळीचा कण दिसता कामा नये. धूळ म्हणजे विजेची वैरीण!"

 गच्चीची किल्ली आत्याकडे असते, ती तिनं कमरेला नुसती चाचपली.

सकाळी आठला ह्यानं स्वतः सगळी पॅनल पुसली. इतकी लख्ख, की त्यात बघून भांग पाडला! मोबाइलवरच्या ॲपमध्ये वीज झकास वर चढत होती. मग स्वारी खाली येऊन शर्टाला इस्त्री करत बसली.

साडेदहाला सहज ॲप उघडलं. शून्य!

बाहेर ऊन असं, की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि ॲप म्हणतंय शून्य! हा धावत जिन्याखाली इन्व्हर्टरपाशी. तिथंही शून्य. पॅनल तर आत्ताच पुसलेली, म्हणजे खोट यंत्रातच असणार! इन्व्हर्टर बंद करून चालू केला. शून्य. फ्यूज बदलला. शून्य. कानाखाली मारतात तशी एक चापट मारली. तरी शून्य! मग म्हणे, मेन स्विचच खाली ओढून बघू. ओढला!

त्याबरोबर थेट नळांना पाणी देणारा इमारतीचा पंप बंद, नळ कोरडे, आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका टॉवेल गुंडाळून, डोक्यापासून पायापर्यंत फेस घेऊन जिन्यात!

"पाणी कुणी घालवलं रे?"

"काका, दोनच मिनिटं! पृथ्वी वाचवायचं काम चालू आहे!"

"पृथ्वी थांबेल! माझे डोळे वाचव आधी!"

घाईघाईनं स्विच वर केला, तेवढ्यात साहेबांचा फोन. "बाईंबरोबर चालत निघालोय. सगळं ठीक ना?"

"हो सर. फक्त जरा ढग आलेत."

"ढग? अरे, माझं टक्कल इस्त्रीसारखं तापलंय!"

"आमच्या इमारतीपुरतेच आहेत सर."

दहा मिनिटांत दोघं हजर. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. मीटरकडे त्यांनी असं बघितलं, जसं काही त्यानं गृहपाठ केला नव्हता.

"हा तर सुलटाच पळतोय."

"दमलाय बाई. सकाळपासून उलटाच पळत होता."

"चला, गच्चीवर," साहेब दात आवळून म्हणाले. मागून काकाही निघाले. एवढं भोगल्यावर शेवट बघायला नको?

दार उघडलं आणि सगळे उंबऱ्यातच थिजले. गच्चीवर सोळाच्या सोळा पॅनल फुलाफुलांचे झगे घालून बसली होती! जाड पडद्याचं कापड, कडेनं झालर, आतून अस्तरसुद्धा! आणि आत्या शेवटच्या कव्हराची नाडी बांधत होती.

अरे, ज्या घरात रिमोटला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या मुठीला मोजा, त्या घरात नवी कोरी पॅनल उघडी राहतील होय?

"बसवलीस त्याच दिवशी माप घेतलं होतं," आत्या कौतुकानं म्हणाली. "आठ दिवस शिवत होते. आता बघू, कुठून येते धूळ!"

"अगं आत्या, पण ऊन?"

"ऊन कापडातून लागतंच की! मला नाही लागत?"

साहेबांचा चेहरा टोमॅटो. पॅनल्याला आपल्या नोकरीची तिरडी बांधलेली दिसायला लागली. आणि अध्यक्षबाई? त्या वाकल्या, चष्मा सारखा केला आणि शिवण चिमटीत धरून बघितली.

"दुहेरी टीप आहे!" त्या म्हणाल्या. "आमच्या लोकांना हीच धास्ती होती. यंत्रं बसवतात आणि मग कुणी ढुंकून बघत नाही. इथं माणसं जीव लावतात! बाराही इमारती तुमच्या. पण कव्हरांसकट हं!"

"हो म्हण," साहेबांनी ह्याला कोपरानं ढोसलं.

ह्यानं आत्याकडे बघितलं. बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा, गुडघा धरून उभी, आणि चेहरा असा की पहिला नंबर आलाय. खरं बोलावं तर परक्या माणसांसमोर तिचे आठ दिवस मातीत. गप्प बसावं तर बारा इमारती अंधारात!

"कव्हरं मस्तच आहेत," तो घसा खाकरून म्हणाला. "फक्त ती... रात्रीची घालायची असतात. सूर्य मावळला की."

"आणि सकाळी काढायची कुणी?" बाईंचा आवाज एकदम वर्गातला!

सगळ्यांनी ह्याच्याकडे बघितलं. काकांनीसुद्धा.

झाला हो कायम! आता रोज उजाडायच्या आत चार गच्च्या, आपली एक आणि बाईंच्या तीन, चढतो आणि झगे उतरवतो. संध्याकाळी परत चार गच्च्या, परत झगे. अजून नऊ इमारती बाकी आहेत, आणि आत्यानं उरलेल्यांचं कापड आणूनसुद्धा ठेवलंय!

हसतोय आपण सगळे. पण खरं सांग, आत्या तशी समोर उभी असताना तू काय बोलला असतास?