आबांचा गहू दरसाल लोळतो

आबांच्या शेतात चप्पल घालून पाऊल टाकणारा माणूस अजून जन्माला यायचाय. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असो की आबांचा सख्खा जावई, आबा बांधावर हात आडवा धरतात आणि म्हणतात, "वहाणा हितं काढा. आत जिवंत हाय." आत काय जिवंत आहे असं ज्याने विचारलं, त्याची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. सुरुवात गांडुळांपासून होते.

मी चाकणच्या अलीकडे, या शेताला लागून असलेल्या सोसायटीत राहतो. गॅलरीतून आबांचं अर्धा एकर आणि त्यांचं पत्र्याचं घर दिसतं. बांधापलीकडे त्यांच्या चुलतभावाचं रान आणि त्याच्यापुढे नुसती गोदामं. आबांनी जन्मभर कंपनीत फिटरकी केली, पण शिफ्टला जाताना शर्टाच्या खिशात शेतातलं ढेकूळ न्यायचे. जेवणाच्या सुट्टीत ते चुरगाळून बघायचे आणि पेरणी ठरवायचे, असं त्यांचे जुने सोबती अजून हसत सांगतात.

"मातीला इचारलं का?" हे त्यांचं पालुपद. मुठीत माती दाबून तिचा लाडू करायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. फुटला तर वाफसा आला, ओल बेताची झाली, पेरा. तसाच राहिला तर गप घरी बसा. इथपर्यंत ठीक आहे. पण मी नवी गाडी घेतली तेव्हाही त्यांनी पार्किंगमध्ये येऊन हाच प्रश्न विचारला. माझ्या बायकोने नर्सरीतून हौसेने आणलेल्या कुंडीत बोट खुपसून "ह्यो भुसा हाय, माती न्हाई," असा निकाल दिला. त्यानंतर कितीतरी दिवस ती बिचारी चोरून पाणी घालत होती.

आणि एवढ्या जाणत्या माणसाचा गहू दरसाल लोळतो! हिरवागार, छातीएवढा वाढतो आणि ऐन ओंब्या भरायच्या वेळी आडवा होतो. कारण अख्ख्या गावाला माहीत आहे. दिवाळीनंतर बिरा धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतो. वाटेत आबा तो कळप आपल्या रानात बसवतात. मेंढरांच्या लेंड्या म्हणजे उत्तम खत, पण एवढ्याशा रानाला एक रात्र पुरे. आबा चार-चार रात्री कळप हलू देत नाहीत. जमीन खताने उतू जाते, गहू माजतो आणि झोपतो. चुलतभाऊ बांधावरून विचारतो, "काय आबा, औंदा गादी का सतरंजी?" मातीवर तासन्‌तास बोलणारे आबा तेवढा प्रश्न ऐकला की घराकडे चालू लागतात.

यंदा दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, तरी कळप आला नाही. आसपासचे गहू उगवून वर आले. आबांच्या रानातला वाफसा निघून चालला, भेगा दिसायला लागल्या, पण आबा काही पेरेनात. रावेतहून मुलगा फोनवर ओरडायचा, "आबा, पेरा नायतर सोडा आणि इकडं राहायला या." आबा फोन ठेवून हायवेच्या बाजूला तोंड करून बसायचे. दाढी वाढली. बांधावरून कोणी चपलेसकट गेलं तरी बोलेनात. तेव्हा मात्र मला खरंच काळजी वाटायला लागली. आबांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्यापासून त्यांचं बघणारं घरात कोणी नव्हतं.

एका संध्याकाळी माझं दार धाडधाड वाजलं. दारात आबा.

"साहेब, गाडी काढा! बिरा हायवेच्या पल्याड आलाय आन् माघारी फिरतो म्हनतोय!"

बाइकवरून पोचलो तर नेमकी शिफ्ट सुटलेली. कंपन्यांच्या बस, कंटेनर, टेम्पो, कोणी कोणाला जागा देईना. पलीकडे मेंढरं एकमेकांना चिकटून उभी, घोड्यावर बिराचा संसार, आणि त्याची बायको ठकूबाई काखेत कोकरू घेऊन थांबलेली. बिरा फोनवर सांगत होता, "न्हाई जमायचं आबा. येक जरी चाकाखाली घावलं तर सगळी उधळत्याल. आमी खालच्या अंगानं जातो."

आबांनी ऐकून घेतलं नाही. डोक्याचा टॉवेल सोडला, दोन्ही हातांत ताणून धरला आणि सरळ रस्त्यात उतरले.

"आबा, मराल!" मी किंचाळलो. कंटेनरचे ब्रेक करकचले. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हरने हिंदीतून आबांच्या सात पिढ्यांची चौकशी केली, पण टॉवेल खाली आला नाही. मग मीही दुसऱ्या लेनमध्ये बाइक आडवी लावली. शिव्या देणाऱ्यांत माझ्याच कंपनीची बस होती, हे विशेष. म्होरक्या मेंढा दुभाजकाच्या फटीत अडून बसला. ठकूबाईने त्याचा कान धरून ओढला, तशी बाकीची मागोमाग निघाली आणि सगळी सुखरूप अलीकडे आली.

रानाशी पोचल्यावर बिराने काठीने जमीन उकरली, माती हातात घेतली, हुंगली आणि मान हलवली.

"हितं न्हाई बसवायची, आबा. गेल्या सालचंच आजून मुरलं न्हाई. पुन्यांदा गहू लोळंल. तुमाला काय येगळं सांगायचं? दिवस हाय तवर आमी म्होरं निघतो."

आता बिराची शिकवणी होणार, असं मला वाटलं. पण आबांनी उकरलेली माती पायाने सारखी केली.

"ठावं हाय," ते म्हणाले. "दरसाल ठावं असतंय."

"मंग?"

"तुमी आला की चार दिस हितं चूल पेटती, बिरा. ही ठकू जेवाया हाक मारती. येरवी मला कोन हाक मारतंय? मेंढरं रानाला नगंत. मला तुमी मानसं पायजे."

बिराने बांधापलीकडे चुलतभावाचं कांद्यासाठी नांगरून ठेवलेलं रान बघितलं. "त्यास्नी इचारा. मेंढरं तिकडं बसवू. आमी हितंच राहतो."

ठकूबाईने तोवर घोड्यावरचा तवा उतरवून आबांच्या दारात ठेवलाही होता.

"आबा, घरात पीठ हाय का, का तेबी आमीच आनायचं?"

आबा पीठ काढायला आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.