सामान स्लोव्हेनियाला गेलं

सामानाचा ट्रक दुबईच्या अल बर्शा भागातल्या इमारतीच्या कोपऱ्यावरून वळला आणि तेवढ्यात अरुण देवस्थळीचा फोन वाजला. स्लोव्हेनियातून मार्येताबाई बोलत होत्या. तिथल्या एका तळ्याकाठी त्यांचं लहानसं हॉटेल होतं आणि पुढच्या महिन्यापासून अरुण त्याचा मॅनेजर होणार होता. बाईंनी आधी हवामान सांगितलं. वादळ झालं होतं. मग छपराची हकिगत सांगितली. अर्धं छप्पर आता तळ्यात होतं. दुरुस्तीला एप्रिल उजाडणार. तोवर गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही तोवर मॅनेजर कशाला, असं त्या फार गोड आवाजात म्हणाल्या.

अरुणला बसावंसं वाटलं. पण खुर्च्या ट्रकमध्ये होत्या.

"काय झालं?" सुजातानं विचारलं.

"आपण एप्रिलमध्ये जातोय."

"आणि सामान?"

"सामान आज."

सुजातानं हातातली पिशवी उचलून आत नेली. ती अशी निघून गेली की अरुणच्या नावावर आणखी एक चूक लिहिली जाते, हे त्याला लग्नाच्या अनुभवानं ठाऊक होतं. मुळात हे खूळ त्याचंच. जूनमध्ये पाच दिवस ते स्लोव्हेनिया पाहून आले होते. सकाळी बर्फाचे डोंगर, दुपारी द्राक्षमळे, संध्याकाळी समुद्र. वाटेत एक गुहा आणि तळ्यात बेट. एवढ्याशा देशात देवानं काही ठेवायचं विसरलेलं नव्हतं. अरुणची पन्नाशी जवळ आली होती. दुबईत नोकरी आहे तोवर घर आहे. नोकरी संपली की खलास, बॅगा भरा. म्हातारपणी जिथून कोणी उठवणार नाही अशी एक जागा त्याला हवी होती, आणि ती त्या तळ्याकाठी आहे असं त्याच्या मनानं घेतलं.

"सगळं एका दिवसात बघून होतं," तेव्हा सुजाता म्हणाली होती, "मग दुसऱ्या दिवसापासून मरेपर्यंत करायचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर अरुणनं अजून दिलं नव्हतं. तासाभरानं त्यानं लियाकतभाईंना फोन लावला. लियाकतभाई मूळचे रत्नागिरीचे. रास अल खोरमध्ये त्यांचं कार्गोचं गोदाम होतं आणि हे सामान त्यांनीच बांधलं होतं.

"लियाकतभाई, सामान थांबवा!"

"कसा थांबवू, भाऊ? तुमचा ट्रक इथं येऊन रिकामा झाला, कंटेनर सील, नि तो निघाला सरळ खोर फक्कानच्या बंदरात. तुम्हीच बोललात ना, यल्ला यल्ला, लवकर करा? केला लवकर."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी अरुणचं काम वेळेवर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो सुजाता आणि तेरा वर्षांच्या सान्वीला गाडीत घालून खोर फक्कानला गेला. तिथं काही करता येईल असं नव्हतं, पण घरी बसायला खुर्ची नव्हती. बंदराच्या फाटकावरच्या माणसानं "हबीबी, नो" एवढंच सांगितलं. मग तिघं समुद्राकाठी उभी राहिली. मागे उघडे डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरले होते. दूर एक जहाज निघालं होतं. आपलं सामान त्यात आहे की नाही ते कळत नव्हतं, तरी सुजाता त्याच्याकडे मुलगी सासरी जाताना बघावं तसं बघत होती.

"माउंटन, सी, एव्हरीथिंग," सान्वी म्हणाली. "पपा, धिस इज बेसिकली स्लोव्हेनिया. वी लिव्ह टू अवर्स फ्रॉम इट."

"तू गप्प बस," अरुण म्हणाला.

"का गप्प बसेल? खरंच आहे तिचं," सुजाता म्हणाली. दुबईतल्या एकोणीस वर्षांत ती खोर फक्कानला प्रथमच आली होती.

दुबईतल्या ज्या हॉटेलच्या नोकरीचा राजीनामा दिला होता, तिथं अरुण परत गेला. मालक दयाळू होते. एप्रिलपर्यंत ठेवतो म्हणाले, पण त्याच्या खुर्चीत आता नोमान बसला होता, म्हणून नोमानच्या हाताखाली. नोमानला अरुणनंच तयार केलेलं. मुलगा गुणी, त्यानं "सर" म्हणणं सोडलं नाही. फक्त आता तो म्हणायचा, "सर, हे जरा आजच करा."

ओळखीच्यांचं दुखणं वेगळंच होतं. माणसं निरोप देताना उदार होतात, कारण निरोप घेणारा परत दिसणार नाही याची खात्री असते. सहा घरांनी श्रीखंडापासून बिर्याणीपर्यंत जेवणं घातली होती. ते सगळं पचवून हा गृहस्थ मॉलमध्ये कोथिंबीर निवडताना दिसला, तर फसवणुकीचीच तक्रार व्हायची. देवस्थळी मंडळी भाजीसुद्धा लांबच्या दुकानातून आणू लागली. घरात तीन गाद्या, एक पातेलं आणि शेजारच्या फिझानं दिलेली प्लास्टिकची खुर्ची उरली. खुर्चीवर पाळीपाळीनं बसत.

नोव्हेंबरच्या शेवटी सामान पोचलं. माणसं पोचली नव्हती, पण सोफा, देवघर, कुकर, कपाटं सगळी स्लोव्हेनियात स्थायिक झाली. मार्येताबाईंचा फोन आला: सामान कोठीत ठेवलंय, पण कोठीवरही छप्पर नाही. पाऊस सुरू आहे. काय करू?

"परत मागवू," सुजाता म्हणाली.

लियाकतभाईंनी हिशेब केला. "परत आणायला सात हजार दिरहम. म्हणजे रुपयांत बोललं तर..."

"रुपयांत बोलू नका," अरुण घाईनं म्हणाला.

तिथं जाऊन, सह्या करून सामान रवाना करणार कोण, हाही प्रश्न होता. अरुणचा पासपोर्ट कामाच्या व्हिसासाठी वकिलातीत अडकलेला. सान्वीची परीक्षा. सुजाताच्या पासपोर्टवर मात्र जूनच्या सहलीचा व्हिसा अजून चालू होता. म्हणजे ज्या बाईला त्या देशात राहायचं नव्हतं, तिलाच एकटीला तिथं जावं लागणार होतं.

"आठ दिवस," ती निघताना म्हणाली. "सामान परत पाठवते आणि येते. मग या विषयावर माझ्यासमोर बोलायचं नाही."

पहिल्या दिवशी तिनं व्हिडिओ लावला. पडद्यावर नुसता पांढरा धूर.

"तुझं तळं दाखवतेय," ती म्हणाली. "आहे म्हणतात समोर. मी आल्यापासून तरी दिसलेलं नाही. डोंगरही नाही. सूर्याचं तर नाव काढू नकोस. सोफ्यातून पाणी निघतंय, अरुण."

ती रडायला लागली. अरुणनं खुर्चीत अंग चोरलं.

तिसऱ्या दिवशी रडणं गेलं आणि राग आला. छपराची चार माणसं रोज येतात, कॉफी पितात, आभाळाकडे बघतात आणि जातात. म्हणून एप्रिल!

"मग तू काय केलंस?"

"खाली उभी राहिले. शिडीपाशी."

"तुला त्यांची भाषा कुठं येते?"

"अल बर्शातल्या एसीवाल्याची येत होती? काम होईपर्यंत हलायचं नाही, एवढीच भाषा लागते. मराठीत बोलते मी. त्यांना बरोबर कळतं."

नंतरचे फोन लहान होत गेले. ती सारखी कुठल्यातरी गडबडीत असे. मागे हातोडे वाजत असत. आठाचे पंधरा दिवस झाले. सामान परत पाठवायचा विषय ती काढेना, आणि अरुणही काढेना. काढला तर ती यायची, आणि आली तर स्लोव्हेनिया संपायचा.

एके दुपारी फोन आला. "छप्पर झालं."

अरुण उठून उभाच राहिला. "झालं? डिसेंबरात? अगं मग एप्रिलपर्यंत थांबायला नको! काय म्हणाल्या मार्येताबाई? नाताळात उघडतायत? कधी येऊ मी?"

पलीकडे सुजातानं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"उघडतायत. मॅनेजर लगेच हवाय म्हणाल्या."

"मग!"

"एकच हवाय, अरुण. त्यांनी मला ठेवलंय."

अरुण परत बसला.

"मी नाही म्हटलं दोनदा," ती म्हणाली. "पण बाई ऐकेनात. काल धुकंही गेलं. सकाळी उठले तर समोर तळं, डोंगर, सगळं जिथल्या तिथं. तू म्हणत होतास ते काही अगदी खोटं नव्हतं. कागद लावलेत त्यांनी माझे. तू आणि सान्वी माझ्या व्हिसावर या."

"आणि मी तिथं काय करू?"

"तू ये तर खरा. आल्यावर बघू काहीतरी."

एकोणीस वर्षांपूर्वी दुबईला येण्यासाठी साताऱ्याच्या बँकेतली नोकरी सोडताना सुजातानंही नेमकं हेच विचारलं होतं, आणि अरुणनं नेमकं हेच उत्तर दिलं होतं, याच मायेनं. बघायचं तेवढं राहून गेलं होतं. तिला हे आठवत होतं की नाही, ते विचारायचा धीर त्याला झाला नाही.

संध्याकाळी लियाकतभाई वहीपेन घेऊन आले. "मंग अरुणभाऊ, परतीचं बुकिंग करू ना? किती नग हायत?"

"परत काही आणायचं नाही, लियाकतभाई. इथून एक नग राहिलाय, तो पाठवायचाय."

"मोठा हाय?"

"दिसतो मोठा," अरुण म्हणाला. "आत काही नाही."